ऊब : नळीतली आणि गळ्यातली

आमच्या दांडिया बजारातल्या जुन्या घरात माजघराच्या कोनाड्यात एक रेडिओ होता. कळ फिरवली की तो लगेच बोलत नसे. आधी काचेवरचा दिवा लागे, मग पाठीमागच्या जाळीतून व्हॉल्व्हचा तांबूस उजेड दिसू लागे, तापलेल्या धुळीचा वास येई आणि अर्ध्याएक मिनिटाने, कोठून तरी लांबून चालत आल्यासारखा, आवाज येई. त्या आवाजाला एक ऊब होती असे आमच्या पिढीतले सगळेच म्हणतात. ती ऊब व्हॉल्व्हची होती, लाकडी पेटीची होती की आमच्या त्या वयाची होती, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला २०२३ सालच्या दिवाळीत. त्याचे उत्तर शोधण्यात माझे तीन महिने गेले आणि त्या तीन महिन्यांची किंमत मला मोजावी लागली. तो हिशेब वाचकांपुढे मांडावा, म्हणजे निदान दुसऱ्या कोणाची तरी ठेच चुकेल, एवढाच या लेखाचा हेतू.

निमित्त झाले आत्याचे. आत्या आता ऐंशीच्या घरात आहे. तिची आजी साताऱ्याकडून लग्न होऊन बडोद्यास आली, ती येताना भूपाळ्या, मंगळागौरीची गाणी, डोहाळे आणि पाळणे असा ऐवज तोंडी घेऊन आली. त्यातला पुष्कळसा आत्याने उचलला. पुढे गायनशाळेत चार वर्षे काढल्यामुळे तिच्या गळ्याला स्वराचे वळण लागले. पण घरची गाणी मात्र तिने कधी कागदावर उतरवली नाहीत. त्या भाऊबीजेला ओवाळणे आटोपल्यावर माझ्या मुलीने हट्ट धरला म्हणून तिने रामजन्माचा एक पाळणा म्हटला. बावीस कडवी, आणि एकदाही अडखळली नाही. आवाज थकलेला होता, पण स्वर चोख होते. पाळणा संपल्यावर क्षणभर कोणी बोलले नाही. मग मुलगी म्हणाली, “बाबा, आत्याआजीचं सगळं रेकॉर्ड करून ठेवायला हवं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मी, जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस, ‘करायचे तर नीट करू’ असे म्हणून यंत्राच्या शोधास लागलो.

मधला दुभाषी

गवयाच्या माईकमधून निघणारा विद्युत्प्रवाह संगणकाला समजत नाही. तो अत्यंत क्षीण असतो. साध्या डायनॅमिक जातीच्या माईकसमोर कोणी मृदू आवाजात गायले, तर त्यातून मिलिव्होल्टचा एखादा अंशच बाहेर पडतो. शिवाय तो लहरींच्या रूपात असतो आणि संगणकाला हवे असतात आकडे. या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारी जी लहानशी पेटी, तिला ‘ऑडिओ इंटरफेस’ म्हणतात. तिच्या पोटात दोन मुख्य अवयव असतात. पहिला प्रीअँप, म्हणजे त्या क्षीण प्रवाहाला शेकडो किंवा हजारपट मोठा करणारा प्रवर्धक. दुसरा, त्या मोठ्या झालेल्या लहरींचे सेकंदाला हजारो वेळा मोजमाप घेऊन त्यांचे आकडे करणारा भाग. हे आकडे मग यूएसबीच्या तारेतून संगणकात जातात.

दुसऱ्या अवयवाबद्दल आज फारसा विचार करावा लागत नाही. मध्यम किमतीच्या पेट्यांतही तो उत्तम असतो. निवडीचा घोळ होतो तो पहिल्यापाशी. बाजारात शिरताच विक्रेते सांगू लागतात की साध्या प्रीअँपचा आवाज कोरडा आणि थंड असतो. गाण्यासाठी ‘ट्यूब’ प्रीअँप हवा, त्याने आवाजाला ऊब येते. ट्यूब म्हणजे आमचा जुना व्हॉल्व्हच. तो शब्द कानी पडताच मला कोनाड्यातला रेडिओ आठवला आणि आत्याचा आवाज त्याच तांबूस उजेडातून यावा असे मनाने घेतले. विक्रेत्याला माझ्याशी फार बोलावेच लागले नाही.

काचेच्या नळीचे कूळ

या नळीचा इतिहास थोडा तरी ठाऊक असावा, कारण त्यातच तिच्या गुणदोषांचे मूळ आहे. १९०४ साली इंग्लंडात जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी निर्वात काचेच्या नळीत एक तापणारी तार आणि एक धातूची पट्टी बसवून वीज एकाच दिशेने वाहू देणारे साधन केले. पाण्याच्या झडपेसारखे ते काम करते म्हणून इंग्रजांनी त्याला ‘व्हॉल्व्ह’ म्हटले, आणि तोच शब्द आपल्याकडे रूढ झाला. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तार आणि पट्टी यांच्यामध्ये तिसरा घटक घातला, तो पुढे एका जाळीच्या रूपात स्थिरावला. या जाळीवर अत्यंत क्षीण प्रवाह दिला की पट्टीकडे वाहणारा मोठा प्रवाह त्याबरहुकूम कमीजास्त होतो. बोटाच्या दाबाने नळाची तोटी फिरवून मोठी धार आवरावी, तसे हे आहे. रेडिओ, बोलपट, विद्युत्ध्वनिमुद्रण हे सारे या एका युक्तीवर उभे राहिले. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढच्या काही दशकांत घराघरातले व्हॉल्व्ह विझले. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही एके काळी असे व्हॉल्व्ह तयार होत.

ध्वनिमुद्रणाच्या पेट्यांत आज जी नळी बहुधा दिसते तिचे नाव ‘१२एएक्स७’. युरोपात तिलाच ‘ईसीसी८३’ म्हणतात. एका काचेत दोन व्हॉल्व्ह, अशी तिची रचना. तिची तार तापवण्यास १२.६ व्होल्ट दाबाने ०.१५ अँपिअर प्रवाह लागतो, आणि तिच्या पट्टीवर शेदोनशे व्होल्टांहून अधिक दाब असला म्हणजे ती मनासारखे काम करते. हे आकडे वाचकांनी लक्षात ठेवावेत, पुढे ते उपयोगी पडतील.

ऊब म्हणजे नेमके काय?

नळीने आवाजाला ऊब येते हे खोटे नव्हे. पण ती कशी येते हे समजून घेतले पाहिजे. तंबोऱ्याची तार छेडली की षड्जाबरोबर त्याचे उपस्वरही ऐकू येतात; जाणकार त्यांतला स्वयंभू गंधार शिष्यांना कान देऊन ऐकायला लावतात. गायकाने २२० कंपनांचा षड्ज लावला, तर ४४० कंपनांचा दुसरा उपस्वर म्हणजे वरच्या सप्तकातला षड्जच. ६६० कंपनांचा तिसरा म्हणजे त्याच सप्तकातला पंचम. आता कोणत्याही प्रवर्धकावर त्याच्या ताकदीबाहेर ओझे टाकले की तो लहरींचा आकार बिघडवतो, आणि त्या बिघाडातून मूळ आवाजात नसलेले उपस्वर निर्माण होतात. नळीचे वैशिष्ट्य असे की ती हळूहळू वाकते आणि तिच्या बिघाडात दुसरा उपस्वर, म्हणजे वरचा षड्ज, ठळक असतो. कानाला तो परका वाटत नाही. आवाज भरदार झाल्यासारखा भासतो. ट्रान्झिस्टर बराच वेळ ताठ राहतो आणि मग एकदम मोडतो. त्याचा बिघाड कर्कश वाटतो.

म्हणजे ज्याला आपण ऊब म्हणतो ती एक गोड विकृतीच आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी खुलवतात, तसाच हा प्रकार. जवारीने तंबोरा बोलू लागतो हे खरे. पण जवारी तंबोऱ्याची खुलवतात, गवयाच्या गळ्याची नव्हे.

आणखी एक गोष्ट. १९७३ साली रसेल हॅम या ध्वनितंत्रज्ञाने अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांच्या प्रीअँपची तुलना प्रसिद्ध केली. त्याचा मुख्य निष्कर्ष असा होता की त्यांच्यातला ठळक भेद प्रकट होतो तो प्रवर्धकावर प्रमाणाबाहेर भार पडतो तेव्हा. स्टुडिओत तोंडाशी माईक धरून जोरात गाणाऱ्यांच्या बाबतीत तसा भार वारंवार पडतो. पण ऐंशीच्या घरातली एक बाई माजघरात बसून पाळणा म्हणते, तिचा आवाज कोणत्या नळीला वाकवणार? तिच्यासाठी नळीची ऊब मिळवायची तर प्रवर्धन मुद्दाम वाढवावे लागते, आणि ते वाढवले की आवाजाबरोबर खोलीतली कुजबूज आणि यंत्राची स्वतःची खरखरही वाढते.

हे सगळे मला आज समजते. तेव्हा मी पुस्तकी विद्या बाजूला ठेवून रेडिओच्या आठवणीवर पेटी मागवली.

पेटी आली, पेटी गेली

मार्गशीर्षात पेटी आली. दिसायला देखणी. पुढे काचेची खिडकी, तिच्याआड नळी आणि नारिंगी उजेड. आत्याने तो पाहून, “अगदी आपल्या रेडिओसारखी रे!” असे म्हटले तेव्हा मला धन्य वाटले. त्या दिवशी तिने दोन भूपाळ्या म्हटल्या. मी हेडफोन लावून ऐकल्या आणि माझा चेहरा उतरला. आवाजाखाली सारखा ‘हूं’ असा घुमारा होता. आपल्याकडील विजेची आवर्तने सेकंदाला ५०. त्यांचाच तो नाद. आवाज पुरेसा मोठा करावा तर खरखर वर येई. आणि खरखर टाळावी तर आत्या शेजारच्या वाड्यातून गात असल्यासारखी वाटे.

पेटी उघडून पाहण्याची माझी खोड उपयोगी पडली. नळी खरीच होती आणि तापतही होती. पण खिडकीतला नारिंगी उजेड तिचा नव्हता. तिच्या मागे एक चिमुकला दिवा बसवला होता. मोजून पाहिले तर पट्टीवरचा दाब तीस व्होल्टांच्या आतच भरला. प्रवर्धनाचे खरे काम शेजारची एक इवलीशी चिप करत होती. नळी अर्धपोटी ठेवून केवळ रंग चढवण्यापुरती मधे घातली होती. जाणकार अशा रचनेला ‘उपाशी नळी’च म्हणतात. हा लबाडीचाच प्रकार असतो असे नाही. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या काहींना तो रंग हवाही असतो. मला मात्र तो नको होता.

पेटी परत पाठवली. बदली पेटी येण्यास तीन आठवडे लागले. तिचाही घुमारा कायम. पुन्हा पत्रव्यवहार. तेवढ्यात २०२४ चा जानेवारी उजाडला, उत्तरायणाच्या गार वाऱ्यात आत्याला खोकला झाला, तो छातीत उतरला आणि बारा दिवस तिला इस्पितळात काढावे लागले.

ती घरी आली, बरी झाली. पण श्वास आखूड झाला. आणि फेब्रुवारीत मी एकदाचा सगळी सिद्धता करून तिच्यापुढे बसलो, तेव्हा त्या बावीस कडव्यांपैकी तिला चौदाच आठवली. पंधराव्याशी ती थांबली, डोळे मिटून पुटपुटली, पुन्हा मागून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच थांबली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “दिवाळीत होतं रे सगळं.”

या वाक्यावर मला काही उत्तर सुचले नाही.

घेताना काय पाहावे

आता ज्यांना घेणे आहे त्यांच्यासाठी, मी शिकलो ते सांगतो. बाजारात नळीच्या नावाने तीन प्रकारचा माल मिळतो. पहिला, खऱ्या उच्च दाबावर चालणारी नळी असलेले स्वतंत्र प्रीअँप. अमेरिकेत बिल पुटनम यांनी १९६० च्या सुमारास ‘६१०’ या नावाने जी रचना केली, तिच्या वंशातले प्रीअँप आजही मिळतात. ते जड असतात, महाग असतात, आणि इंटरफेसला जोडून वापरावे लागतात. दुसरा, वर सांगितलेली उपाशी नळी. तिसरा, ज्यात नळी मुळीच नाही, पण तिच्यासारखा रंग चढवणारी सोय आहे. उदाहरणार्थ, युनिव्हर्सल ऑडिओने २०२१ साली आणलेल्या ‘व्होल्ट’ मालिकेत ‘६१०’च्या आवाजाची छटा देणारे बटण आहे, पण आत नळी नाही. यात फसवणूक नाही. घेणाऱ्याला आपण काय घेतो हे कळले म्हणजे झाले.

नळीची परीक्षा घरबसल्या अशी करता येते. वर दिलेला हिशेब आठवा : १२.६ व्होल्ट गुणिले ०.१५ अँपिअर म्हणजे सुमारे १.९ वॅट वीज एका नळीची तार तापवण्यातच खर्च होते. जुन्या पद्धतीच्या यूएसबी खाचेतून ५ व्होल्टने अर्धा अँपिअर, म्हणजे सारी मिळून २.५ वॅटच मिळते. तेव्हा अशा खाचेतल्या एकाच तारेवर दोन नळ्या, दोन माईक आणि इतर सगळा संसार चालतो असे कोणी म्हणाले, तर हात आखडावा. वेगळा वीजपुरवठा आहे का आणि पट्टीवर किती दाब आहे, हे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकात नसेल तर तेच उत्तर समजावे.

नळी असो वा नसो, पुढील गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. पहिली, प्रीअँपची स्वतःची खरखर. माहितीपत्रकात ती ‘ईआयएन’ या नावाने उणे चिन्हासह देतात. उणे आकडा जितका मोठा तितके यंत्र शांत. साधारण १५० ओहमच्या माईकसाठी निसर्गानेच घातलेली मर्यादा उणे १३१ डीबीयूच्या आसपास आहे. उणे १२८ पर्यंत पोचणारी पेटी उत्तम समजावी. दुसरी, प्रवर्धनाची मजल. डेसिबलच्या भाषेत दर २० ला दाब दहापट होतो, म्हणजे ६० डेसिबल हजारपट. मृदू आवाज आणि डायनॅमिक माईक अशी जोडी असेल तर ६० डेसिबलची मजल हवीच. कंडेन्सर माईक पाच-दहापट संवेदनशील असतो, त्याला कमी पुरते. पण त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तो देणारे बटण पेटीवर असावे. तिसरी, नळी असेल तर ती बाजूला सारण्याची सोय. नको तेव्हा तिला वगळता आले पाहिजे, आणि वेळ आली तर बदलता आली पाहिजे. कारण नळ्या झिजतात. चौथी, आपल्या संगणकाशी मेळ. एके काळी फायरवायर नावाच्या तारेवर चालणाऱ्या नामांकित पेट्या आज स्वस्तात मिळतात, पण नव्या संगणकांना ती खाचच नसते.

शेवटी मी घेतली ती नळी नसलेली, दोन माईकांची साधी पेटी आणि एक कंडेन्सर माईक. यामागचा विचार सरळ आहे. स्वच्छ मुद्रण हाती असले, तर नळीचा रंग पुढे केव्हाही संगणकातून किंवा खऱ्या नळीतून चढवता येतो. एकदा रंगून मुद्रित झालेला आवाज मात्र पुन्हा निर्मळ करता येत नाही. साडी रंगवता येते. रंग काढून मूळचे सूत मिळत नाही.

मग नळी कोणी घ्यावी? ज्याचा गळा दमदार आहे, जो रोज गातो, ज्याला आपल्या आवाजाची ती छटा ऐकून ओळखता येते आणि हवीशी वाटते, त्याने घ्यावी. पण खऱ्या दाबाची घ्यावी, आणि गाण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे तापू द्यावी. पोवाडा म्हणणाऱ्या शाहिराला ती शोभेल. पाळणा म्हणणाऱ्या आजीला तिची गरज नाही.

गोधड्यांचे शास्त्र

ज्या उबेसाठी मी पैसे मोजले, ती अखेर मिळाली ती फुकटात. घरातली आतली खोली निवडली. भिंतींवर गोधड्या टांगल्या, खाली गादी घातली, कपड्यांचे कपाट उघडे ठेवले. याने भिंतींवरून परतणारा पोकळ आवाज मेला. पंखा आणि फ्रिज बंद केले. वेळ ठरवली दुपारी दोन ते चार. तेव्हा देवळातल्या घंटा थांबलेल्या असतात आणि राजमहाल रोडवरची वर्दळही थोडी मंदावते. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला, तो उरलासुरला घुमाराही गेला. घुमारा येत असेल तर आधी घरातल्या तीन खुंट्यांच्या प्लगला अर्थिंग खरोखर आहे का हे वायरमनकडून पाहून घ्यावे. पुष्कळ जुन्या वाड्यांत तिसरे भोक शोभेचेच असते.

माईक आत्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित एका बाजूस ठेवला. अगदी समोर ठेवला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा धक्का बसतो. अंतर निम्मे केले की माईकपर्यंत पोचणारा आवाज ६ डेसिबलने, म्हणजे दुपटीने वाढतो, आणि खोलीतला इतर गलका मात्र तेवढाच राहतो. कोणतीही नळी हे करू शकत नाही. शिवाय या जातीचा माईक जवळ आणला की खर्जाकडचा भाग आपोआप भरतो. आवाज जाड आणि मऊ होतो. ज्याला मी ऊब म्हणून शोधत होतो ती हीच. तंबोऱ्याची पेटी माईकच्या पाठीमागे तीन-चार हातांवर ठेवली. अशा माईकची पाठ जवळजवळ बहिरी असते.

मुद्रण सेकंदाला ४८,००० मोजमापे आणि २४ बिट या प्रमाणाने करावे. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही हेच किमान प्रमाण मानले आहे. सर्वांत वरचा आवाजही मोजपट्टीवर उणे १२ च्या आसपास राहील असे ठेवावे. २४ बिटांत खाली भरपूर जागा असते, वर मात्र शून्यापलीकडे कडेलोट. एका माईकचे तासाभराचे मुद्रण अर्धा गिगाबाइट जागा घेते, तेव्हा एमपी३ करून कंजूषपणा करू नये. प्रती तीन ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या घरी.

आणि प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी गाणाऱ्याचे नाव, तारीख आणि गाणे कोणाकडून शिकले ते बोलून घ्यावे. १९०२ साली फ्रेड गायस्बर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजानच्या ध्वनिमुद्रिका केल्या तेव्हा ती गाण्याच्या शेवटी आपले नाव पुकारत असे. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला घडत आणि तिथल्या कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावे, अशी ती सोय होती. आपल्या नातवंडांची स्थिती उद्या त्या कारागिरांहून वेगळी असणार नाही.

राहून गेलेले

कठोरचे आणि बडोद्यातच फैज महंमद खाँसाहेबांपाशी शिकलेले भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांचे ते गुरू. तबकड्यांचे यंत्र तेव्हा आपल्या देशात येऊन वीस वर्षे झाली होती. तरी बुवांचा आवाज आपल्याकडे नाही. शिष्यांच्या गाण्यातून आणि लोकांनी लिहून ठेवलेल्या आठवणींतून त्याचा अदमास घ्यायचा, एवढेच हाती उरले. त्या काळची यंत्रे भोंग्याची, ओबडधोबड, मिनिटे तीनच देणारी. तरी त्या खरखरीतूनही बुवांचा एक षड्ज ऐकू आला असता, तर आज आपण नळीची चौकशी केली असती काय?

आमच्या घरी त्यामानाने नशीब बरे. फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत आत्याची एकेचाळीस गाणी मुद्रित झाली. चैत्रात एकदा मुलीने आपल्या फोनमध्ये दिवाळीचे फोटो शोधताना एक लहानसे चित्रण काढून दाखवले. भाऊबीजेच्या दिवशीचे. चित्र धड नाही, स्वयंपाकघरात कुकरची शिटी होते आहे, कोणी तरी फराळाच्या बशा आणतो आहे. आणि त्या गोंगाटामागून आत्या पाळण्याची सतरावी आणि अठरावी कडवी म्हणते आहे. ध्वनिमुद्रणाच्या कोणत्याही कसोटीला ते उतरणार नाही. पण ती दोन कडवी आज जगात आहेत ती त्या फोनमुळे. मी त्या वेळी तिथेच बसलो होतो; माझ्याही खिशात फोन होता.

आत्याला आम्ही हेडफोन लावून तिचाच आवाज ऐकवला. बराच वेळ ऐकल्यावर तिने तो काढला आणि म्हणाली, “माझी आजी अशीच म्हणायची. फक्त तिचा श्वास लांब होता.” मग थोड्या वेळाने, “उद्या दुपारी हळदीचं एक राहिलंय ते घे. विसरेन नाही तर.”

म्हणून वाचकांना एवढेच विनवायचे आहे की, यंत्र जरूर चांगले घ्या, पण ते येईपर्यंत थांबू नका. आज हाताशी असेल त्यावर घ्या. पुढे चांगल्यावर पुन्हा घ्या. आणि आमची एक खासगी विनंती. रामजन्माचा बावीस कडव्यांचा हा पाळणा साताऱ्याकडून बडोद्यास आलेल्या इतर घराण्यांतही म्हटला जात असेल. त्याची पंधरावी, सोळावी आणि एकोणिसाव्यापासून बाविसाव्यापर्यंतची, अशी सहा कडवी आमच्याकडे नाहीत. कोणा भगिनीस ती येत असतील, तर संपादकांमार्फत अवश्य कळवावे. आम्ही पेटी घेऊन येऊ. आणि पेटी नादुरुस्त असली, तर फोन घेऊन येऊ.